मखमली मुंगीचं सोंग घेणारा कोळी

उघड्या, कोरड्या मातीवरून एक किडा भराभर धावतो. पोट काळसर, त्यावर फिकट ठिपके. मध्येच थबकतो, दिशा बदलतो, पुन्हा सुटतो. डंख मारणारी जात आहे म्हणून पाहणारा हात मागे घेतो. पाय मोजायची सवड मिळालीच, तर ते आठ भरतात. हा सीनोप्टिकस पल्चर, भारत आणि श्रीलंकेत आढळणारा कोळी. जाळं लावून बसणं याच्या स्वभावात नाही. जमिनीवर हिंडून शिकार करायची.

तो ज्याची नक्कल करतो त्या किड्याला इंग्रजीत ‘मखमली मुंगी’ म्हणतात आणि तिथूनच घोळ सुरू होतो. ती मुंगी नाही, म्युटिलिडी कुळातली गांधीलमाशी आहे. (आपला मखमली मृगाचा किडा आणखी वेगळा, तो तर कोळ्यांच्याच वर्गातला.) या कुळातल्या युरोपीय प्रजातीला स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने 1758 मध्येच नाव दिलं होतं. माद्यांना पंख नसतात. जमिनीत घरटी करणाऱ्या मधमाश्या आणि गांधीलमाश्यांची बिळं हुडकत त्या मातीवर सतत येरझाऱ्या घालतात, कारण त्यांना आपली अंडी तिथेच घालायची असतात. कवच जाड, डंख जबरदस्त. नरांना मात्र पंख असतात आणि डंख मुळीच नसतो. त्यामुळे कोळी नर असो की मादी, सोंग घ्यायचं ते गांधीलमाशीच्या मादीचंच.

कोळ्याचं बारसं झालं 1885 मध्ये. नाव ठेवणारे फ्रेंच अभ्यासक यूजेन सिमों कोळ्यांच्या हजारो प्रजातींचे नामकर्ते. त्यांना दक्षिण भारतातून नमुने मिळत होते. त्याच वर्षी त्यांनी तिथल्या दोन ठिकाणच्या कोळ्यांवर लिहिलं. एक गुंतकलजवळचं वज्रकरूर, जे त्यांच्या लेखात बल्लारी जिल्ह्यातलं म्हटलं आहे आणि आज आंध्र प्रदेशात आहे. दुसरं तमिळ मुलखातलं रामनाद. वज्रकरूरचे नमुने शापेर नावाच्या फ्रेंच माणसाने गोळा केले होते, रामनादचे एका पाद्र्याने. वज्रकरूरची खरी ख्याती हिऱ्यांची, पण त्या मातीवरचे कोळीही पॅरिसला पोचले. ‘पल्चर’ म्हणजे लॅटिनमध्ये सुंदर. शिशीतल्या कोळ्याचं सौंदर्य दिसतं, त्याची चाल दिसत नाही, आणि या सोंगातला निम्मा जीव चालीत आहे.

नकलेचा सिद्धान्त तोवर तयार होता. इंग्रज निसर्ग अभ्यासक हेन्री बेट्स हे अ‍ॅमेझॉनच्या जंगलात अकरा वर्षं काढून 1859 मध्ये परतले आणि 1862 मध्ये त्यांनी फुलपाखरांवरून मांडणी केली: निरुपद्रवी जीव उपद्रवी जीवासारखा दिसू लागला, की अद्दल घडलेला पक्षी त्यालाही सोडून देतो. कोळ्यांकडे मोर्चा वळला तो प्रामुख्याने मुंग्यांच्या निमित्ताने. अमेरिकेत जॉर्ज आणि एलिझाबेथ पेकहॅम या दांपत्याने 1892 मध्ये मुंगीसारख्या दिसणाऱ्या उड्या मारणाऱ्या कोळ्यांवर सविस्तर लिहिलं. साहजिकच होतं. मुंग्या सगळीकडे, त्यांची नक्कल करणारे कोळीही ढिगाने. मुंगीसारखी चण, पुढचे पाय उचलून मिशांसारखे हलवणं, नागमोडी चाल, हे सगळं पटकन डोळ्यांत भरतं. गांधीलमाशीचं सोंग घेणारे कोळी त्या गर्दीत बाजूला पडले, असं मला वाटतं.

वर्गीकरणाची कथा रुक्ष आहे, दोन ओळींत सांगतो. आज हा कोळी कोरिनिडी कुळात आहे. पूर्वी ही मंडळी क्लुबिओनिडी या मोठ्या गोणीत कोंबलेली असत. भारतातल्या त्या गोणीची झाडाझडती मद्रास संग्रहालयाचे एफ. एच. ग्रेव्हली यांनी 1931 च्या लेखात घेतली.

मखमली मुंगीच्या नकलेची स्वतंत्र दखल पुढे घेतली गेली. उत्तर अमेरिकेत फिडिपस या उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या काही प्रजाती तिथल्या लाल-काळ्या म्युटिलिडींसारख्या दिसतात, यावर 1984 मध्ये लेख आला. फिडिपस आणि सीनोप्टिकस यांची कुळं वेगळी, खंड वेगळे, रंगही वेगळे. प्रत्येकाने आपापल्या मुलखातली गांधीलमाशी निवडली.