केंडाच्या भावकीतला फुगू आणि माणसाची जनुकं

जाळं दातांनी कातरणारा आणि डिवचला की टम्म फुगणारा केंड कोकणातल्या मच्छीमारांच्या डोक्याला ताप असतो. त्याच्याच भावकीतला जपानचा फुगू मात्र परवानाधारक आचाऱ्याच्या हातचा महागडा पदार्थ. जीवशास्त्राला या कुळाचं आकर्षण वाटलं ते वेगळ्याच कारणानं: त्यांच्या पेशीत डीएनए फारच थोडा असतो.

हे प्रथम लक्षात आणून दिलं अमेरिकेच्या राल्फ हिनेगार्डनर यांनी. 1968 साली त्यांनी बऱ्याच माशांच्या पेशींतला डीएनए मोजला, तेव्हा फुगणाऱ्या माशांचा आकडा तळाशी निघाला. पुढची वीसेक वर्षं या माहितीचं कोणी फारसं काही केलं नाही.

मग मानवी जीनोम, म्हणजे माणसाचा सगळा डीएनए, वाचण्याची भाषा सुरू झाली. माणसाच्या डीएनएची अक्षरं सुमारे 300 कोटी. त्यांतली प्रथिनांच्या कामाची जेमतेम एक-दोन टक्के. बाकीच्या पसाऱ्यात जनुकं शोधायची कशी? केंब्रिजमधले जीवशास्त्रज्ञ सिडनी ब्रेनर यांनी वाट वाकडी केली. फुगूच्या डीएनएचे तुकडे वाटेल तिथून उचलून त्यांच्या गटानं वाचले आणि 1993 मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत मांडलं, की जीनोम साधारण 40 कोटी अक्षरांचा, म्हणजे आपल्या एक-अष्टमांशाच्या आसपास, पण जनुकांचा संच जवळपास आपल्यासारखाच. बारीक झालेत ते जनुकांमधले आणि जनुकांच्या पोटातले मोकळे पट्टे.

हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक आजाराचं जनुक घ्या. माणसात ते सुमारे 1 लाख 70 हजार अक्षरांवर पसरलंय. फुगूत 23 हजारांतच आटोपतं. तरी प्रथिनाचा मजकूर दोन्हीकडे 67 तुकड्यांतच विभागलेला. ज्या ग्लुटामिनची (प्रथिनाचा एक घटक) माळ लांबली की माणसाला हा आजार होतो, ते फुगूच्या प्रथिनात त्या जागी अवघे चार.

2002 मध्ये सिंगापूर आणि कॅलिफोर्नियातल्या गटांनी फुगूच्या जीनोमचा मसुदा छापला. माणसानंतर वाचला गेलेला हा दुसराच पृष्ठवंशी. त्याच्याशी ताडून माणसात आणखी हजारभर जनुकं असावीत, असा अंदाज तेव्हा बांधला होता. तो उत्साह जरा जास्तच होता, असं आज म्हणावं लागतं. माणसाचा आकडा शेवटी वीस हजारांच्या घरात येऊन थांबला.

खरी कमाई झाली जनुकांच्या बाहेर. माणूस आणि फुगू यांच्या वाटा 40 कोटींहून अधिक वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. इतक्या काळात निरुपयोगी मजकूर टिकत नाही. तरीही प्रथिनं न बनवणारे सुमारे 1,400 पट्टे दोघांत जुळतात, असं 2005 मध्ये दिसलं, आणि तेही बहुतेक गर्भाची घडण ठरवणाऱ्या जनुकांच्या आसपास. फुगू प्रयोगशाळेत वाढवणं जिकिरीचं, म्हणून परीक्षा झाली झेब्राफिशच्या पारदर्शक गर्भात. 25 पट्टे तपासले. त्यांतल्या 23 पट्ट्यांनी कुठल्या ना कुठल्या ऊतीत जनुक चालू करून दाखवलं. ते जनुकांचे खटके होते.

फुगूचं एक न्यून मात्र आहे. हाडाळ माशांच्या पूर्वजात अख्खा जीनोम एकदा दुप्पट झाला होता. त्यानंतरच्या उलथापालथीत बरेच जुने खटके ओळखू येईनासे झाले. म्हणून ब्रेनर यांचे सहकारी बायरप्पा वेंकटेश पुढे ऑस्ट्रेलियाकडच्या हत्तीशार्ककडे वळले. त्याचा जीनोम फुगूहून मोठा, सुमारे 100 कोटी अक्षरांचा. पण माणसाशी जुळणारे पट्टे त्यात हाडाळ माशांपेक्षा जास्त सापडले.