कुलपती राजभवनात, तिजोरी मंत्रालयात

महाराष्ट्रात निखळ सरकारी म्हणावीत अशी कॉलेजे मोजकीच आहेत. मुंबईची एल्फिन्स्टन आणि सिडनहॅम, कोल्हापूरचे राजाराम, अमरावतीची विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था, अशी काही नावे घेतली की यादी लवकरच विरळ होते. तालुक्याच्या गावी जे ‘आर्ट्‌स-कॉमर्स’ दिसते ते बहुधा कुठल्यातरी शिक्षणसंस्थेचे असते. इमारत संस्थेची, अनुदानित प्राध्यापकांचा पगार सरकारचा, परीक्षा विद्यापीठाची आणि पदवी प्रमाणपत्रावर सही कुलगुरूंची. कुलगुरूंना नेमणार कुलपती, म्हणजे राज्यपाल. ही चार टोकांची रचना कोणी एका बैठकीत आखलेली नाही. ती दीडशेहून अधिक वर्षांत थरावर थर चढत तयार झाली आणि प्रत्येक नव्या कायद्याने जुना थर न खरवडता त्यावर रंग दिला.

पहिला थर 1857 चा. चार्ल्स वुडच्या 1854 च्या शिक्षणविषयक खलित्यानंतर कलकत्ता, मुंबई आणि मद्रास इथे विद्यापीठे निघाली. नमुना होता त्या वेळच्या लंडन विद्यापीठाचा, म्हणजे परीक्षा घेणे आणि पदव्या देणे. शिकवायचे काम एल्फिन्स्टनसारख्या कॉलेजांचे. न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर 1862 मध्ये मुंबई विद्यापीठाचे पहिले पदवीधर झाले. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर हे पदसिद्ध कुलपती, आणि सिनेटमध्ये, म्हणजे आजच्या अधिसभेत, बसणारे ‘फेलो’ सरकारने नेमलेले. राज्यपाल कुलपती असण्याची आजची पद्धत तिथून चालत आलेली आहे. राज्यघटनेत ती कुठेही लिहिलेली नाही. राज्य विधिमंडळाच्या कायद्याने ती टिकवून धरली आहे, आणि हा तपशील पुढे फार महत्त्वाचा ठरला.

दुसरा थर व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनचा. 1904 च्या विद्यापीठ कायद्याने कॉलेजांची तपासणी सक्तीची केली आणि संलग्नता, म्हणजे कॉलेजला विद्यापीठाशी जोडून घेण्याची मान्यता, द्यायची की काढायची याचा शेवटचा शब्द सरकारकडे नेला. केंद्रीय कायदेमंडळात गोपाळ कृष्ण गोखल्यांनी या विधेयकाला कडाडून विरोध केला, तो व्यर्थ गेला. आजही नवे कॉलेज काढायचे तर विद्यापीठ फक्त शिफारस करते. इरादापत्र, म्हणजे तत्त्वतः मंजुरी, आणि अंतिम मान्यता मंत्रालयातून येते. कर्झनचे नाव कोणी घेत नाही, पण त्याची पद्धत प्रत्येक मान्यतेच्या फायलीत जिवंत आहे.

या दोन थरांखाली आजचा महाराष्ट्र एकसंध नव्हता. मुंबई विद्यापीठाचा पसारा सिंध, गुजरातपासून कर्नाटकापर्यंत होता. नागपूरची मॉरिस आणि हिस्लॉप कॉलेजे आधी कलकत्त्याला आणि मग अलाहाबादला बांधलेली. त्यांना घरचे विद्यापीठ मिळाले 1923 मध्ये. मराठवाडा निजामाच्या राज्यात, म्हणून तिथली कॉलेजे हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाकडे. पुण्याला विद्यापीठ 1949 मध्ये आले, बॅ. मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू. औरंगाबादला 1958, कोल्हापूरला 1962. पुढे अमरावती 1983, जळगाव 1990, नांदेड 1994, सोलापूर 2004, गडचिरोली 2011. विद्यार्थ्यांची सोय हे कारण प्रत्येक वेळी खरे होते, पण प्रत्येक विद्यापीठामागे एखाद्या विभागाची मागणी, आंदोलन आणि राजकीय हिशेबही होता. पुणे विद्यापीठाकडे आता पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक एवढेच जिल्हे उरले. मुंबईचे मात्र पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतचे कोकण अजून सुटलेले नाही. सावंतवाडीच्या मुलाला निकालातली चूक दुरुस्त करून घ्यायला मुंबईतले विद्यापीठाचे कलिना संकुल गाठावे लागणे ही जुनी तक्रार. शेजारच्या गोव्याची कॉलेजेही मुक्तीनंतर मुंबईलाच जोडलेली होती, 1985 मध्ये गोवा विद्यापीठ झाल्यावर ती सुटली.

प्रत्येक विद्यापीठाचा कायदा वेगळा असायचा. 1974 मध्ये ते कायदे नव्याने केले, तरी वेगळेच राहिले. सगळी अकृषी विद्यापीठे एका छत्राखाली आली ती 1994 च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने. (राहुरी, अकोला, परभणी आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठांचा संसार तेव्हाही वेगळा होता, आजही आहे.) अधिसभा, व्यवस्थापन परिषद, विद्वत्परिषद आणि अभ्यास मंडळे ही चौकट सगळीकडे सारखी झाली. याच कायद्याने विद्यार्थ्यांच्या खुल्या निवडणुका बंद करून गुणवत्तेवर प्रतिनिधी नेमायला सुरुवात केली. कॉलेज निवडणुकांतल्या हिंसाचाराने हैराण झालेल्या पालकांनी तेव्हा सुटकेचा श्वास सोडला असेल, पण महाराष्ट्राच्या राजकारणातली एक शाळाच त्याने बंद पडली. 2016 च्या कायद्याने त्या निवडणुका परत आणल्या, निदान कागदावर.

खरा कारभार मात्र कायद्याच्या कलमांत शोधू नये; तो पगारपत्रकात सापडतो. अनुदानित कॉलेजातला प्राध्यापक संस्थेचा नोकर असतो, पण त्याचे पद मंजूर होते सरकारच्या आकृतिबंधात, म्हणजे पदांच्या ठरलेल्या आराखड्यात, आरक्षणाची बिंदुनामावली तपासली जाते सरकारी कार्यालयात आणि पगार निघतो विभागीय सहसंचालकांमार्फत. संस्थाचालकांचे स्वातंत्र्य इथे संपते. 1983 मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी आणि वैद्यकीय कॉलेजांना दार उघडले. कर्नाटकात जाऊन देणगी भरणारी मुले राज्यातच राहावीत हा युक्तिवाद होता. सरकारने पैसा न घालता जागा वाढल्या, आणि शिक्षणसम्राट नावाची नवी जमात उदयाला आली. पुढे साध्या कला-विज्ञान कॉलेजांनाही ‘कायम विनाअनुदानित’ तत्त्वावर परवानग्या मिळू लागल्या. अनुदानित कॉलेजांत रिक्त पदे भरण्याला वित्त विभागाची संमती लागते, ती रेंगाळली की वर्ग चालतात घड्याळी तासिकांवरच्या, म्हणजे सीएचबीच्या, प्राध्यापकांवर. नेट-सेट, पीएचडी झालेला माणूस तासाच्या दराने राबतो आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याला काहीच मिळत नाही. विद्यापीठ कायद्यावर कितीही समित्या बसल्या तरी हे दुखणे अधिसभेच्या हातातच नाही.

समित्यांची वानवा नव्हती. 2010 नंतर डॉ. अरुण निगवेकर, डॉ. अनिल काकोडकर आणि डॉ. राम ताकवले यांच्या अध्यक्षतेखाली तीन वेगवेगळ्या समित्यांनी उच्च शिक्षणाचा विचार केला. त्यांतून 2016 चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा आकाराला आला. तो मार्च 2017 पासून लागू झाला. अधिसभेतले निवडून येणारे कमी आणि नेमलेले जास्त झाले, अशी तक्रार प्राध्यापक संघटनांनी लगेच केली, ती बिनबुडाची नव्हती. मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली उच्च शिक्षणाचा राज्य आयोग, म्हणजे ‘माहेड’, आला आणि कॉलेजे कुठे निघावीत याचा बृहत आराखडा त्याच्या मान्यतेखाली गेला. कायदा लागू झाला त्याच वर्षी मुंबई विद्यापीठात उत्तरपत्रिका संगणकावर तपासण्याच्या घाईने निकाल काही महिने रखडले आणि राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. कुलपतीपद नुसते शोभेचे नाही, हे त्या वेळी लख्ख दिसले.

म्हणूनच 2021 चा वाद पेटला. महाविकास आघाडी सरकारने दुरुस्ती विधेयक आणून उच्च शिक्षण मंत्र्यांना प्र-कुलपती केले आणि कुलगुरूपदासाठी राज्य सरकार सुचवील त्या दोन नावांतूनच राज्यपालांनी एक निवडावे असे ठरवले. राज्यपाल केंद्राचे, सरकार विरोधी आघाडीचे. तमिळनाडू, केरळ आणि पश्चिम बंगालमध्येही हाच संघर्ष चालू होता. विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झाले, राजभवनात अडकले आणि 2022 मध्ये सरकार बदलल्यावर मागे घेण्यात आले. खरे तर शिक्षण 1976 च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत गेले, तेव्हापासून राज्याचा हात बांधलेलाच आहे. कुलगुरू निवडीवर विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम राज्याच्या कायद्याहून वरचढ ठरतात, असे सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या एका खटल्यात 2022 मध्ये स्पष्ट केले.

आता 2020 चे राष्ट्रीय धोरण संलग्नतेची पद्धतच 15 वर्षांत टप्प्याटप्प्याने संपवा असे सांगते. मुंबईत एल्फिन्स्टन, सिडनहॅम आणि विज्ञान संस्था एकत्र करून डॉ. होमी भाभा समूह विद्यापीठ निघाले, अनेक नामांकित कॉलेजे स्वायत्त झाली. अभ्यासक्रम आणि परीक्षा त्यांच्या हाती आल्या. पदवी अजून विद्यापीठाच्याच नावाने मिळते, आणि अनुदानित प्राध्यापकाचे वेतन देयक दर महिन्याला सहसंचालक कार्यालयातच जाते.