एकाच अंगावरचे निराळे केस : खवल्यांच्या अभ्यासामागचा इतिहास

प्राण्याचा केस बोटांना गुळगुळीत लागतो. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र त्यावर कौलांसारखे एकमेकांवर चढलेले खवले दिसतात. त्यांच्या कडा केसाच्या टोकाकडे वळलेल्या असतात. या नक्षीवरून प्राणी ओळखता येतो, हे आता सर्वज्ञात आहे. पण ती नक्षी अंगभर सारखी नसते, आणि माझ्या मते या विषयाचा खरा गाभा तिथेच आहे.

रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६६५ मध्येच निरनिराळ्या प्राण्यांचे केस भिंगाखाली धरले होते. पुढे १७९० मध्ये गास्पार मोंज या फ्रेंच गणितज्ञाने नमदा, म्हणजे केस एकमेकांत गुंतून बनलेले जाड कापड, कसा तयार होतो, याचा उलगडा केला. एक केस अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून लांबीच्या दिशेने चोळला, की तो मुळाच्या बाजूलाच सरकत जातो. खवल्यांच्या कडा त्याला उलट जाऊ देत नाहीत. न दिसणारी रचना हाताला जाणवून देणारा इतका साधा प्रयोग क्वचितच सापडेल.

विसाव्या शतकात गुन्हे-तपासाची गरज पुढे आली. लांबेर आणि बाल्तझार यांचा माणसाच्या व प्राण्यांच्या केसांवरचा फ्रेंच ग्रंथ १९१० चा, तर जॉन ग्लेस्टर यांचा कैरोहून निघालेला ग्रंथ १९३१ चा. या दोहोंच्या मध्ये, १९२० मध्ये, अमेरिकेत लिऑन हाउसमन यांनी खवल्यांचे प्रकार पाडले. खवल्याचा आकार केसाच्या जाडीबरोबर बदलतो, हेही त्यांनी दाखवले. मग एकाच जनावराचे बाहेरचे राठ केस आणि आतली मऊ लव वेगळी दिसणारच. पाठ, पोट, पाय, शेपूट इथेही फरक पडतो. एवढेच कशाला, अनेक प्राण्यांत पाठीवरचा एकच राठ केस मुळापासून पाहत गेलो, तर बारीक भागात लांबट, पाकळ्यांसारखे खवले भेटतात. पुढे केस रुंदावतो तिथे ते आखूड, आडवे होतात आणि त्यांच्या नागमोडी कडा दाटीने येतात. उत्तर अमेरिकेतल्या साळिंदराचे काटेही मूळचे केसच. त्यांच्या टोकाच्या जेमतेम ४ मिलिमीटर भागात उलटे आकडे असतात. त्याच्याच पोटावरच्या केसांना तसे काही नसते.

म्हणूनच ओळख पटवण्याचे तक्ते बहुधा पाठीवरच्या राठ केसांवर बेतलेले असतात. नमुना कुठल्या जागेचा, याची नोंद नसेल तर त्या तक्त्याचा उपयोग निम्म्यावर येतो.

लोकरीच्या धंद्याला मात्र लवेशीच काम. १९६५ मध्ये स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक बाजारात आला आणि पुढे खवल्याच्या कडेची उंची मोजून मेंढीची लोकर व काश्मिरी शेळीची लव वेगळी काढता येऊ लागली. शेळीच्या लवेवरची कड पातळ असते. शाहतूश शालींच्या तपासणीत राठ केस आणि लव या दोन्ही बाजू एकत्र येतात. चिरू या तिबेटी हरणाच्या व्यापारावर १९७९ पासून आंतरराष्ट्रीय बंदी आहे. शाल विणतात ती त्याच्या लवेची, पण विणताना चुकून राहिलेले थोडे राठ केस तिच्यात सापडतात, आणि तपासनीस तेच शोधतात.