चष्म्यामुळे नंबर वाढत नाही

'चष्मा लावला की नंबर वाढतच जातो, पोराला कमी नंबरचाच द्या,' हा सल्ला रत्नागिरीपासून मालवणापर्यंत कुठल्याही पडवीत मिळतो. नंबर वाढतो हे खरं, पण चष्म्यामुळे नाही. वाढत्या वयात डोळ्याचा गोळा मागे लांबत जातो, प्रतिमा पडद्याच्या अलीकडेच पडते आणि फळा पुसट दिसतो. गोळा जेमतेम १ मिलिमीटर लांबला तरी नंबर अडीच-तीनने चढतो. मलेशियात काही मुलांना मुद्दाम कमी नंबर दिला, तर त्यांचाच नंबर जास्त वेगाने वाढला (२००२).

गाजर, बांगडे खुशाल खावेत. नंबर त्याने उतरत नाही.

उजेडाचा मात्र उपयोग होतो. चीनमधल्या ग्वांगझू शहरातल्या शाळांत रोज ४० मिनिटं बाहेरचा जादा तास ठेवला, तर तीन वर्षांत चष्मा लागणाऱ्यांचं प्रमाण ३९.५ टक्क्यांऐवजी ३०.४ राहिलं. आपल्याकडे आंब्याची सावलीसुद्धा माजघरापेक्षा कितीतरी उजळ! पावसात उघडीप मिळताच पोरांना खळ्यात पिटाळा. एकदा लागलेला नंबर मात्र नुसत्या खेळण्याने फारसा रोखला जात नाही. त्यासाठी अ‍ॅट्रोपिनचे सौम्य थेंब किंवा खास भिंगं असतात, पण ती डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासूनच द्यायची.