एका बाइटसाठी दोन एमबी: ह्यूज पेजवरच्या राइट फॉल्टची पार्श्वभूमी

लिनक्सवर रेडिस हा मेमरीत डेटा ठेवणारा डेटाबेस सुरू केला की लॉगमध्ये येणारा एक इशारा अनेकांच्या ओळखीचा असेल: ट्रान्सपरंट ह्यूज पेजेस (लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, आपणहून देतो ते मेमरीचे मोठे तुकडे किंवा ‘पेजेस’) चालू आहेत, ती बंद करा, नाहीतर वेळही जाईल आणि मेमरीही. कर्नलनं वेग वाढावा म्हणून दिलेली सोय, आणि तीच नको म्हणणारा त्याच कर्नलवर चालणारा प्रोग्रॅम. भांडणाचं मूळ एका साध्या प्रश्नात आहे. मोठ्या पेजमध्ये एक बाइट लिहायचा, तर प्रत केवढ्याची काढायची?

कॉपी-ऑन-राइट ही युक्ती ह्यूज पेजच्या कितीतरी आधीची. पीडीपी-10 या संगणकासाठी बीबीएन कंपनीत तयार झालेल्या टेनेक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ती 1970 च्या सुमारास होती. एकच पेज दोन प्रोसेसना दाखवायचं, दोघांना फक्त वाचायची मुभा ठेवायची, आणि कुणी लिहायला गेलंच तर त्या क्षणी त्याला वेगळी प्रत द्यायची. युनिक्सकडे ही सोय बरीच उशिरा आली. तोवर बर्कलीवाल्यांनी 1979 च्या 3बीएसडी या आपल्या युनिक्समध्ये व्हीफोर्क (मेमरीची प्रत न काढता फोर्क, म्हणजे चालू प्रोसेसमधून नवी मूल प्रोसेस काढणं) नावाचा जुगाड करून वेळ निभावली. टेनेक्सचं पेज अवघ्या 512 शब्दांचं होतं. एवढ्याशा पानाची नक्कल करायला कितीसा वेळ लागणार? त्यामुळे ‘केवढी’ हा प्रश्न कुणाला पडलाच नाही.

पेज मोठं झाल्यावर तो पडला. एक्स86 वरचं नेहमीचं पेज 4 केबीचं; म्हणजे 1 जीबी मेमरीसाठी 2,62,144 नोंदी. टीएलबीत (पत्त्यांच्या नोंदी हाताशी ठेवणाऱ्या प्रोसेसरमधल्या छोट्या साठ्यात) एवढी जागा कुठली असायला? 2 एमबीची पेजेस घेतली तर 512 नोंदींत काम भागतं. पण मग ‘लिहिता येईल का’ आणि ‘लिहिलं गेलं का’ सांगणारे बिटही त्या अख्ख्या 2 एमबीला मिळून एकेकच उरतात. 2002 मध्ये राइस विद्यापीठातल्या मंडळींनी फ्रीबीएसडीवर सुपरपेजचं (मोठ्या पेजचं) काम मांडलं, तेव्हा यावर त्यांनी सरळ उपाय केला: अजून काही न लिहिलेल्या, ‘स्वच्छ’ सुपरपेजवर पहिलं लिखाण आलं की ते मोडायचं, आणि सगळे तुकडे लिहिले गेले तर पुन्हा जोडायचं.

लिनक्स आधी दुसऱ्या वाटेनं गेलं. ह्यूजटीएलबीएफएस या मोठ्या पेजांच्या फाइल सिस्टिममध्ये (2002) मोठी पेजेस आधीच राखून ठेवावी लागत. कॉपी-ऑन-राइट तिथे 2006 मध्ये आलं. राखीव साठा संपलेला असताना पालक प्रोसेसला प्रत हवी झाली, तर बळी जातो तो मूल प्रोसेसचा. त्याच्याकडचं पेज काढून घेतलं जातं आणि पुढे तो त्या पत्त्यावर गेला की मारला जातो.

मार्च 2011 मध्ये लिनक्स 2.6.38 आलं आणि आंद्रेआ आर्कांजेली यांच्या ट्रान्सपरंट ह्यूज पेजमुळे कुणी न मागताही मोठी पेजेस मिळू लागली. तेव्हा फोर्कनंतर काय व्हायचं ते जवळून पाहू. प्रोसेस एक बाइट लिहायला जाते. प्रोसेसरला त्या पीएमडी नोंदीत (पत्त्यांच्या तक्त्यातल्या 2 एमबीच्या पेजच्या नोंदीत) लिहायची परवानगी दिसत नाही. तो पत्ता सीआर2 या रजिस्टरमध्ये ठेवतो आणि 14 क्रमांकाचा एक्सेप्शन (पेज फॉल्ट; लिहिताना आलेला, म्हणून राइट फॉल्ट) उठवतो. एरर कोड 7: पेज जागेवर आहे, लिहायचं होतं, मागणारा यूजर मोडमधला. कर्नल नवं 2 एमबीचं पेज शोधतो, सगळं त्यात उतरवतो, नोंद बदलतो. सलग 2 एमबी मिळालेच नाहीत, तर 512 छोटी पेजेस घेऊन तेवढंच सगळं उतरवतो.

रेडिस स्नॅपशॉटसाठी (डेटा त्या क्षणी होता तसा साठवण्यासाठी) फोर्क करतं, आणि त्याचं लिखाण मेमरीभर विखुरलेलं. 1 जीबीतल्या प्रत्येक ह्यूज पेजमध्ये एकेक बाइट बदलला, तर बदल 512 बाइटांचा आणि नक्कल पूर्ण 1 जीबीची! छोट्या पेजांवर हेच 2 एमबीत उरकलं असतं. माझ्या मते रेडिसचा हट्ट रास्तच होता.

नऊ वर्षांनी कर्नलनंही ते मानलं. 2020 च्या 5.8 मध्ये किरिल शुटेमोव्ह यांनी मोठी नक्कल काढूनच टाकली. पेज एकट्याचंच असेल तर तिथेच लिहू द्यायचं. सामायिक असेल तर पीएमडी मोडायची आणि फक्त 4 केबीची प्रत द्यायची. बदलाच्या टिपणात रेडिसचं नाव घेऊन कबुली आहे. बराचसा किचकट कोडही त्यासोबत गेला, आणि तो गेल्याचं दुःख कुणाला झालं नसावं.

कारण या भागातल्या चुका महागात पडतात. 2016 मध्ये उघड झालेला डर्टी काउ हा कॉपी-ऑन-राइटमधला, 2007 पासून दडून बसलेला सुरक्षेचा दोष. ‘प्रत निघाली’ याची खूण म्हणून त्यावरच्या दुरुस्तीत डर्टी बिट (वर आलेला, ‘लिहिलं गेलं का’ सांगणारा) वापरला गेला. पण ह्यूज पेजच्या वाटेवर नुसतं वाचतानाही तो बिट लागू शकत होता. 2017 च्या नोव्हेंबरात ते उघड झालं: सगळ्यांना मिळून असलेल्या, फक्त शून्यं भरलेल्या ह्यूज झीरो पेजवर लिहिता येत होतं.

5.8 च्या नियमाचा फटका याच झीरो पेजला बसला. आधी वाचून मग लिहिलं की तेही मोडायचं, आणि लिहिणाऱ्याच्या हाती 4 केबी; बाकीचं गोळा करून पुन्हा मोठं पेज करायला के-ह्यूजपेजडी (कर्नलचा पार्श्वभूमीवर चालणारा भाग) येईल तेव्हा येईल. इथे नक्कल करण्यासारखं तर काहीच नव्हतं. म्हणून 2024 मध्ये पॅच आला: झीरो पेजवर राइट फॉल्ट आला की मोडत बसायचं नाही, थेट नवं 2 एमबीचं पेज द्यायचं.

दरम्यान रेडिसनं आपल्या कॉन्फिगमध्ये स्वतःपुरती ह्यूज पेजेस बंद करायची ओळ घालून घेतली. तिचं डिफॉल्ट मूल्य ‘येस’.