फोक, विल्यम
(१२ एप्रिल १८७४–१ मे १९१६). इंग्लंडचा व्यावसायिक फुटबॉल गोलकीपर, टोपणनाव ‘फॅटी’. जन्म श्रॉपशरमधल्या डॉलीचा, पण वाढला डर्बीशरच्या खाणपट्ट्यात. १८९४ मध्ये शेफील्ड युनायटेड क्लबकडे आला आणि तिथेच दहा-अकरा वर्षं टिकला. त्या काळात क्लबने १८९८ ची लीग आणि १८९९ व १९०२ चा एफए कप (इंग्लंडमधली बाद फेरीची स्पर्धा) जिंकला. इंग्लंडकडून एकच मॅच, १८९७ मध्ये वेल्सविरुद्ध. १९०० मध्ये डर्बीशरकडून चार फर्स्ट क्लास क्रिकेट मॅचही खेळला.

वजनाचे आकडे जपूनच घ्यावेत. सुरुवातीला तो उंच आणि बऱ्यापैकी सडपातळ होता, १९०५ च्या सुमारास १४० किलोच्या आसपास गेला असावा, काही जण १५० च्याही पुढे नेतात. तेव्हा फॉरवर्डला गोलकीपरला खांद्याने धडक मारायची मुभा होती, त्यामुळे हे वजन कामाचंच होतं, हे किस्से सांगणारे विसरतात.

‘सगळे पाय कुणी खाल्ले’ ही प्रेक्षकांची आरोळी (पाय म्हणजे मटण भरलेली पेस्ट्री, आपला पाया नव्हे) १८९४ मध्ये त्याच्यासाठीच निघाली असं सर्रास लिहितात. पण तेव्हा तो जाडा नव्हताच, शिवाय ज्या चालीवर ती म्हणतात ते गाणं छापलं गेलं १९३८ मध्ये, त्यामुळे ही जोडणी नंतरची असण्याचीच शक्यता जास्त. बॉलबॉयचंही तसंच. पुढे तो ज्या क्लबकडे गेला त्या लंडनच्या चेल्सीने त्याचा आकार उठून दिसावा म्हणून गोलमागे दोन बारकी पोरं उभी केली, तीच बॉल आणून द्यायला लागली आणि प्रथा पडली, असं सांगतात. पण पहिले बॉलबॉय हेच, असं छातीठोकपणे म्हणवत नाही.

१९०२ च्या एफए कप फायनलमध्ये साउदॅम्प्टनने शेवटच्या मिनिटांत वादग्रस्त गोल करून १-१ केलं, तेव्हा हा आंघोळीतून तसाच उघडा रेफरी टॉम कर्कमला शोधत निघाला आणि रेफरी झाडूच्या कपाटात लपला म्हणे. बरोबरीमुळे पुन्हा खेळवलेला सामना (रिप्ले) युनायटेडने २-१ जिंकला.

१९०५ मध्ये ५० पौंडांत चेल्सीकडे, तिथला पहिला कॅप्टन, लीगच्या ३४ मॅच. मग ब्रॅडफर्ड सिटी, १९०७ मध्ये निवृत्ती, पुढे शेफील्डमध्ये पब. ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर पैसे घेऊन पेनल्टी अडवताना न्यूमोनिया होऊन गेला ही कथा फार चालते, मृत्यूच्या दाखल्यावर मात्र कारण लिव्हरचं आहे, सिरॉसिस.