सीमाशुल्क दस्तऐवज आकार

आंतरराष्ट्रीय मालवाहतुकीत आयात-निर्यातीच्या मालाची कागदपत्रे तयार करणे, ती सीमाशुल्क खात्याकडे दाखल करणे आणि मंजूर करून घेणे यासाठी घेतली जाणारी रक्कम. हे सीमाशुल्क नव्हे. शुल्क सरकारजमा होते आणि मालाच्या किमतीवर किंवा वजना-नगावर बसते. दस्तऐवज आकार मुख्यतः सीमाशुल्क दलालाकडे व जहाज कंपनीकडे जातो आणि बहुधा दर खेपेला किंवा दर कागदाला ठरलेला असतो. विदर्भातील बाजारगावांत दोन्हींना सरसकट ‘कस्टमचा खर्च’ म्हणतात, आणि भाव ठरवतानाचे बरेच घोळ तिथूनच सुरू होतात.

सीमाशुल्क अधिनियम, 1962 मधील कलम 50 नुसार जहाजाने किंवा विमानाने जाणाऱ्या मालासाठी शिपिंग बिल (निर्यातीच्या मालाची सीमाशुल्क खात्याला दिलेली घोषणा), तर खुष्कीच्या मार्गाने जाणाऱ्या मालासाठी बिल ऑफ एक्स्पोर्ट दाखल करावे लागते. त्यामुळे हिंगणघाटच्या जिनिंगमधल्या गाठी न्हावा शेवा बंदरातून निघाल्या तर एक कागद लागतो, आणि वरूड-मोर्शीची संत्री ट्रकने पश्चिम बंगालच्या सीमेवरील पेट्रापोलमार्गे बांगलादेशात गेली तर दुसरा. सोबत बीजक व पॅकिंग लिस्ट (मालाचे नग व वजन यांची यादी) असते, फळांसाठी फायटोसॅनिटरी, म्हणजे कीड-रोगमुक्ततेचे प्रमाणपत्रही लागते. निर्यातदार स्वतः सीमाशुल्क खात्याच्या ‘आइसगेट’ या संकेतस्थळावर कागद दाखल करू शकतो. तरी गावाकडून हे काम सहसा परवानाधारक दलालाकडेच दिले जाते.

दलालाच्या बिलात ‘एजन्सी चार्जेस’ आणि ‘डॉक्युमेंटेशन’ अशा ओळी असतात. बिल ऑफ लेडिंगचा (जहाज कंपनीने माल स्वीकारल्याच्या पावतीचा) आकार आणि कंटेनरच्या सीलचे पैसे जहाज कंपनीकडून येतात. आकार खेपेवर असल्याने एक कंटेनर पाठवणाऱ्या शेतकरी उत्पादक कंपनीला किलोमागे तो जड जातो; एकाच शिपिंग बिलावर दहा कंटेनर काढणाऱ्या व्यापाऱ्याला तो फारसा जाणवत नाही.

खरा खर्च वाढतो तो दुरुस्तीने. कापसाचा सौदा खंडीवर, म्हणजे सुमारे 356 किलोंवर होतो, गाठ साधारण 170 किलोंची असते आणि शिपिंग बिलात वजन किलोत लिहितात. शंभर गाठींचे 17,000 किलो पॅकिंग लिस्टवर बरोबर उतरले, पण बीजकावर खंडीचा हिशेब 48 असा पूर्णांकात धरला, तर 17,088 किलो होतात आणि दोन कागद जुळत नाहीत. मग दुरुस्तीचा वेगळा आकार लागतो, शिवाय कंटेनर अडकून पडला तर डिटेन्शनचे, म्हणजे कंटेनर मुदतीपेक्षा जास्त ठेवल्याचे भाडे.

हा आकार कोणी सोसायचा हे सौद्यातील इन्कोटर्म्सवर, म्हणजे खर्च व जबाबदारी वाटून देणाऱ्या आंतरराष्ट्रीय अटींवर ठरते: एफओबीमध्ये (माल जहाजावर चढेपर्यंत जबाबदारी विक्रेत्याची) निर्यातीकडील मंजुरीचा खर्च विक्रेत्याचा, आयातीकडील खरेदीदाराचा, डीडीपीमध्ये (शुल्क भरून माल खरेदीदाराच्या ठिकाणी पोहोचवणे) दोन्ही विक्रेत्याचे. दलालाने ग्राहकाच्या वतीने भरलेल्या रकमा मूळ पावत्यांसह बिलात वेगळ्या दाखवल्या आणि ‘प्युअर एजंट’च्या, म्हणजे केवळ ग्राहकाच्या वतीने पैसे भरणाऱ्या मध्यस्थाच्या अटी पाळल्या, तर त्यांवर जीएसटी लागत नाही, तो केवळ दलालाच्या सेवेवर लागतो.